जुना पार्ट आला की गोणी त्याच दिवशी सोडा



बंदीच्या दोन महिन्यांत, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, आपल्याकडे पैसा येत नाही पण जातो भरपूर. जाळी, रंगकाम, इंजिनाचं काम, टेम्पोचं काम, सगळं तेव्हाच निघतं. नवा पार्ट परवडत नाही म्हणून आपण जुना शोधतो. पूर्वी जुना पार्ट म्हटलं की कोल्हापूर नाहीतर मुंबई. आता मोबाईलवर जाहिरात दिसते आणि माल कुठून कुठून येतो. गेल्या बंदीत आपल्या दोन सभासदांनी असा जुना गिअरबॉक्स खाजगी माणसाकडून घेतला. एकाने टेम्पोसाठी, एकाने बोटीसाठी. दोघांनाही सांगितलं एक आणि आलं दुसरंच. एकाचे बहुतेक पैसे परत आले, दुसऱ्याचे अजून अडकलेत. फरक कशामुळे पडला ते सगळ्यांना कळावं म्हणून हे लिहितोय. दोघांनाही विचारूनच लिहितोय, नावं मात्र देत नाही.

आधी टेम्पोची गोष्ट. मे महिन्यात मासळी घेऊन कोल्हापूरला जाताना आंबा घाटात पिकअपचा गिअरबॉक्स गेला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. दादांना जाहिरात दिसली ती ग्वाल्हेरच्या एका माणसाची. त्याची स्वतःची पिकअप अपघातात गेली होती आणि तो तिचे पार्ट सुटे करून विकत होता. दुकान नाही, बिल नाही. 38,000 रुपये ठरले. 10,000 आधी, बाकीचे 28,000 बिल्टीचा फोटो आल्यावर. दादांना टाईप करायचा कंटाळा, म्हणून सगळं बोलणं वहिनींनी आपल्या फोनवरून केलं आणि पैसेही त्यांच्याच खात्यातून गेले. मासळीच्या टोपलीवर साठवलेले पैसे होते ते. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

वहिनींनी एक काम चांगलं केलं. फोनवर सगळं बोलून झाल्यावर त्यांनी मेसेज टाकला: "मॉडेल तेच आहे ना, पाच गिअरचा आहे ना, आधी कधी खोललेला नाही ना, बाहेरून कुठे तडा किंवा वेल्डिंग नाही ना?" समोरून उत्तर आलं, "हाँ जी, सब ओके, कभी खुला नहीं, बॉडी एकदम साबुत." बस्स. एवढ्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं.

9 जूनला माल ट्रान्सपोर्टला आला. 2,400 रुपये भाडं भरून सोडवला. गोणी सोडली तर केसिंगवर वीतभर वेल्डिंग, वरून काळा रंग मारलेला, आणि नटांच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा. मिस्त्रीने एक नट फिरवायला हात घातला तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा, हात नका लावू." तसाच व्हिडिओ काढला, बिल्टी शेजारी ठेवून. त्याच रात्री मेसेज गेला की माल सांगितल्यासारखा नाही, आम्हाला नको, पैसे परत करा.

आता बोटीची गोष्ट. दुसऱ्या बंदरातल्या एका बोटमालकाने बोट मोडीत काढली आणि गिअरबॉक्स विकायला काढला. आपल्या सभासदांनी विचारलं, रेशो किती? तो म्हणाला तीनास एक. यांच्या पंख्याला तोच लागतो. माल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिला, कारण बोट तेव्हा वर ओढलेली होती आणि इंजिनवाल्याची पाळी जुलैअखेर होती. बसवला, नारळी पौर्णिमा झाली, बोट बाहेर पडली. इंजिन दमतंय, बोटीला पाहिजे तशी ओढ नाही. दोन फेऱ्या केल्यावर इंजिनवाल्याने उघडून दात मोजले तर रेशो दोनास एक. तेव्हा फोन केला. समोरचा म्हणाला, "अडीच महिने तुमच्याकडे होता, दोन वेळा समुद्रात नेलात, आता कसला परत?"

वाईट वाटेल, पण कायद्याने त्याच्या बोलण्यात दम आहे.

आपल्याकडे खरेदी-विक्रीचा कायदा आहे 1930 सालचा, मालविक्री अधिनियम. त्याचं कलम 15 सांगतं की वर्णन करून माल विकला असेल तर माल त्या वर्णनासारखाच असला पाहिजे. हे कलम दुकानदाराला लागतं तसंच खाजगी माणसालाही लागतं. वर्णन चुकलं तर घेणारा माल नाकारू शकतो आणि पैसे परत मागू शकतो. पण त्याच कायद्याचं कलम 42 म्हणतं की तीन प्रकारे माल "स्वीकारला" असं धरलं जातं. तुम्ही स्वतः स्वीकारला असं कळवलंत तर, तुम्ही तो आपल्याच मालकीचा असल्यासारखा वापरलात तर, किंवा वाजवी मुदत उलटून गेली तरी नाकारल्याचं कळवलं नाहीत तर. एकदा स्वीकारला असं धरलं की माल परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क साधारणपणे जातो. मग फक्त नुकसानभरपाई मागता येते, म्हणजे सांगितलेला माल आणि आलेला माल यांच्या किमतीतला फरक. तोही सिद्ध करत बसायचा.

वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे कायद्यात आकड्यात लिहिलेलं नाही. मालावर आणि परिस्थितीवर ते ठरतं. तपासून बघायला पुरेशी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत, हे कलम 41 मध्ये आहे. पण शेडमध्ये दोन महिने पडलेल्या गोणीला "संधी मिळाली नाही" असं कोण म्हणणार? आपली गोची इथेच होते. आपण घेतो जूनमध्ये आणि उघडतो ऑगस्टमध्ये. शेतकरी घेतो तेव्हाच वापरतो, टॅक्सीवाला त्याच दिवशी बसवतो. आपल्या धंद्यात बंदीचे दोन महिने मधे येतात आणि नेमके तेच विकणाऱ्याच्या फायद्याचे ठरतात. म्हणून बसवायचा असो नसो, गोणी त्याच दिवशी सोडा. बोट वर आहे, मिस्त्री गावाला गेलाय, पाऊस आहे, काहीही असू दे. नंबर बघा, बाहेरून बघा. रेशो बघायला गिअरबॉक्स खोलावा लागत नाही. न्यूट्रलमधून काढून गिअरमध्ये टाका, इकडचा शाफ्ट हाताने फिरवा आणि तिकडचा एक फेरा पुरा होईपर्यंत इकडचे किती होतात ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे आपल्या सभासदांचा सगळा हंगाम अडचणीत गेला.

बरेच जण म्हणतात, ग्राहक मंचात जाऊया. थांबा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा धंदा म्हणून माल विकणाऱ्याविरुद्ध आहे. स्वतःची मोडलेली गाडी एकदाच विकणारा माणूस त्यात बसत नाही. म्हणून ग्वाल्हेरच्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगाची वाट बंद होती. मात्र समोरचा खरंच खाजगी आहे का, हे एकदा बघा. त्याच नंबरवरून दहा गिअरबॉक्स, चार इंजिनं आणि टायर विकायला असतील तर "घरची गाडी होती" हे नुसतं बोलायला. तो व्यापारी आहे. त्या जाहिरातींचे फोटो काढून ठेवा. तसं असेल तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ग्वाल्हेरला जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि 1915 या नंबरवर आधी तक्रार नोंदवता येते.

तिथेही आपल्याला एक अडचण येते. समोरचा वकील म्हणतो, बोट धंद्याची, टेम्पो धंद्याचा, हे ग्राहकच नव्हेत. यावर सुप्रीम कोर्टाचा 1995 सालचा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा निकाल लक्षात ठेवा. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे, मदतीला एखाद-दुसरा माणूस असला तरी चालतं, असं त्यात म्हटलंय. स्वतः तांडेल म्हणून बोटीवर जाणाऱ्या छोट्या मालकाला याचा आधार घेता येतो. ज्यांच्या चार बोटी आहेत आणि सगळ्या पगारी माणसांवर चालतात, त्यांना तो मिळणं कठीण.

खाजगी माणसाकडे वळूया, कारण आपले जास्त व्यवहार तिथेच होतात. दुकानदार असेल तर माल निदान धड असला पाहिजे अशी अट कायदाच घालतो. खाजगी माणसावर ती अट नाही. तिथे नियम साधा, घेणाऱ्याने बघून घ्यावं. म्हणजे त्याने जेवढं सांगितलं तेवढंच तुमचं. त्याने काही सांगितलंच नाही आणि माल खराब निघाला, तर हात चोळत बसायचं. म्हणून पैसे पाठवायच्या आधी त्याच्या तोंडून काय वदवून घेता याला किंमत आहे. "चांगला आहे, चालू आहे, टेन्शन नको" याला कोर्टात फार वजन नाही, असं तर प्रत्येक विकणारा बोलतो. मॉडेल, वर्ष, गिअर किती, रेशो किती, खोललेला आहे की नाही, तडा-वेल्डिंग आहे की नाही, पार्टवरचा नंबर काय, हे एकेक विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर बोललात तर वहिनींसारखं नंतर मेसेजमध्ये उतरवा. आणि "जसं आहे तसं, नंतर तक्रार चालणार नाही" असं त्याने लिहिलं असेल तर आणखी सावध. असं लिहूनही धडधडीत खोटं सांगितलं तर तो सुटत नाही, पण तुमचं काम अवघड होतं.

जाता जाता एक. पूर्ण इंजिन घेत असाल तर त्या गाडीचं आरसी मागा आणि इंजिन नंबर जुळवा. चोरीचं इंजिन निघालं तर पैशाचं राहू दे, पोलिसांना उत्तरं देता देता नाकी नऊ येतील.

बरं, माल नाकारायचा म्हणजे करायचं काय? पहिलं, तो बसवू नका, खोलू नका, वेल्डिंग घासून बघू नका. आपल्या मिस्त्रीने खोलला की समोरचा म्हणणार, तुमच्याच माणसाने फोडला. दुसरं, लगेच लेखी कळवा. वहिनींच्या मेसेजमध्ये एवढ्याच गोष्टी होत्या: तुम्ही अमुक तारखेला असं असं सांगितलं होतं, आलेला माल असा असा आहे, म्हणून आम्ही तो नाकारतोय, अमुक तारखेपर्यंत 38,000 आणि भाड्याचे 2,400 परत करा, माल आमच्याकडे जसाच्या तसा ठेवलाय, घेऊन जा. शिवी नाही, धमकी नाही. समोरचा हिंदी बोलणारा आहे तर हिंदीत लिहा, चुकलं तरी चालेल. "बघा ना जरा, काहीतरी करा" असलं गुळमुळीत लिहू नका. नाकारतोय हा शब्द हवाच.

बऱ्याच जणांना वाटतं की आधी आपल्या खर्चाने माल परत पाठवावा लागतो. विकणारा हेच सांगतो: पहले माल भेजो. तसं नाही. कलम 43 प्रमाणे नाकारलेला माल परत पोचवायला घेणारा बांधील नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. माल पाठवून बसलात आणि पैसे आले नाहीत, तर माल गेला, पुरावा गेला आणि वर भाडंही गेलं. आपल्याकडे नीट ठेवायचा, एवढंच.

पुराव्याचं म्हणाल तर फोन जपा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे मेसेज, फोटो, व्हिडिओ कोर्टात चालतात, सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतो. पण मूळ फोनमध्ये मेसेज असायला हवेत. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर आधी ते बंद करा. जाहिरातीचा फोटो व्यवहार ठरतानाच काढा, नंतर ती जाहिरात गायब होते. ग्वाल्हेरवाल्याने तिसऱ्याच दिवशी काढून टाकली होती. शिवाय गॅरेजच्या लेटरहेडवर मिस्त्रीकडून दोन ओळी घ्या: आज अमुक नंबरचा पार्ट न खोलता बघितला, असं असं दिसलं. तारीख आणि सही.

दादा आधी पोलीस चौकीत गेले होते. तिथे सांगितलं, हा दिवाणी मामला. राग आला त्यांना, पण हे पूर्ण चूक नव्हतं. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420, लागायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. माल आलाय पण चुकीचा आलाय, एवढ्यावर पोलीस सहसा हात घालत नाहीत. पैसे घेऊन माणूस गायबच झाला, बिल्टी बनावट निघाली, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा एक तासही न घालवता 1930 ला फोन करा, पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवता आलं तर आलं.

दहा दिवस ग्वाल्हेरहून उत्तर नाही. मग एक फोन आला: "फोटो देख के ही लिया था ना आपने?" फोटो दुसऱ्या बाजूने काढलेला होता, वेल्डिंगची बाजू खाली. करार कायदा 1872 मध्ये हेच लिहिलंय, खोटं सांगून संमती मिळवली असेल तर ज्याची फसगत झाली तो करार मोडू शकतो. थोडं तपासलं असतं तर कळलं असतं, असा बचाव काही वेळा चालतो, पण हजार किलोमीटरच्या पलीकडे पडलेल्या वस्तूची खालची बाजू कोण बघणार?

इथे वहिनींचं नाव कामाला आलं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही महिलेला मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तसंच. बाकीच्या बहुतेकांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असावं लागतं. खरेदी वहिनींनी केलेली, पैसे त्यांचे, मेसेज त्यांचे, म्हणून अर्जदारही त्याच. (आता कोणी उगाच बायकोचं नाव लावू नका हं. खरेदीदार जो आहे तोच अर्जदार.) जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात त्या गेल्या, वकील मिळाला, स्पीड पोस्टाने नोटीस गेली. 15100 या नंबरवरही याची माहिती मिळते. नोटिशीत लिहिलं होतं की पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करू आणि तिथे न मिटल्यास दावा लावू.

दावा कुठे लावायचा हा प्रश्न होताच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे समोरचा राहतो तिथे, किंवा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथे दावा लावता येतो. पैसे इथून गेले, बोलणं इथून झालं, म्हणून इथे लावता येईल असं आमच्या वकिलांचं मत होतं. पण माल ग्वाल्हेरलाच ट्रान्सपोर्टच्या ताब्यात दिला होता, त्यामुळे समोरच्याने हरकत घेतली असती आणि त्या वादातच महिने गेले असते. मुदत साधारण तीन वर्षांची असते, घाई नसते. पण 38,000 साठी कोर्टात किती वर्षं काढायची, हा हिशेब ज्याने त्याने करावा. आमच्या मते एवढ्या रकमेला दावा हे शेवटचं हत्यार. लोकअदालतीत दोघांची तयारी लागते, पण तिथे मिटलं तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही.

शेवटी ते लोकअदालतीपर्यंत गेलंच नाही. ग्वाल्हेरला लष्कर भाग आहे, दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथे वसलेला, म्हणून नावही लष्कर. शिंदेशाहीपासून तिथे मराठी घरं आहेत. दादांच्या एका वर्गमित्राची बहीण तिथेच दिलेली. तिचे यजमान नोटिशीची प्रत घेऊन त्या माणसाच्या घरी गेले, आवाज न चढवता बसले आणि वहिनींचा तो मेसेज आणि त्याचं उत्तर त्याच्या वडिलांना वाचून दाखवलं. वडील मुलाला म्हणाले, लिहिलं आहेस तर दे. आमचा अनुभव असा की नोटीस आणि समोर बसलेला माणूस, दोन्ही एकत्र लागतात. नुसत्या नोटिशीला लोक घाबरत नाहीत, नुसत्या माणसाला टोलवतात. आणि तोही माणूस सराईत लबाड नव्हता, गाडी गेलेली, कर्ज डोक्यावर, म्हणून वेल्डिंग लपवलं.

तडजोड 35,000 वर झाली. दादा-वहिनींनी आधी पूर्ण रक्कम धरली होती, पण 1 ऑगस्ट जवळ येत होता आणि टेम्पो दारात उभा होता. भाड्याचा टेम्पो केला की एका फेरीतच कळतं हे ताणणं किती महाग पडतं. ठरलं ते असं: 20,000 आधी, मग इथून माल ट्रान्सपोर्टला टाकायचा, त्याचं भाडं तो तिकडे भरणार, आणि बिल्टीचा फोटो गेल्यावर उरलेले 15,000. हे सगळं पुन्हा मेसेजवर लिहून घेतलं, "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द टाकून, नाहीतर 20,000 देऊन तो गप्प बसला असता. 24 जुलैला शेवटचे पैसे आले. पदरचे 3,000 आणि भाड्याचे 2,400 गेले ते गेले. दुसरा गिअरबॉक्स दादांनी स्वतः मंगला एक्सप्रेसने ग्वाल्हेरला जाऊन आणला असता असं ते गमतीत म्हणतात, गाडी रत्नागिरीहून थेट जाते म्हणून. प्रत्यक्षात कोल्हापूरला जाऊन, हाताने फिरवून, नंबर बघून घेतला.

बोटीच्या गिअरबॉक्सचं अजून मिटलेलं नाही. रेशो किती हे फोनवरच ठरलं होतं, लेखी काही नव्हतं. पण ऑगस्टमध्ये भांडताना समोरच्याने एका मेसेजमध्ये "मी तीनास एक समजूनच दिला होता" असं लिहिलं आणि तेवढं एक हाताशी लागलंय. माल परत घेणार नाही, पण किमतीतला फरक द्या, या मुद्द्यावर वकिलांमार्फत बोलणं चालू आहे. दोन्ही बंदरांच्या संस्थांनी मधे पडावं असाही प्रयत्न आहे.

ज्यांनी या बंदीत जुना पार्ट मागवलाय आणि अजून बांधलेलाच ठेवलाय, त्यांनी आज संध्याकाळी तो सोडून बघावा. काही वेगळं दिसलं तर हात न लावता फोटो काढा आणि मेसेज, बिल्टी, पैसे पाठवल्याची नोंद घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. वहिनींनी पाठवलेल्या हिंदी मेसेजची आणि नोटिशीची प्रत नावं झाकून ऑफिसात ठेवली आहे, ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी.